दोन्ही बाजूंचे अर्ज

अकोल्याला आम्ही भाड्यानं राहत होतो त्या घराच्या मालकांना तोंडी सांगितलेलं ऐकू येत नसे. कान चांगले होते त्यांचे. पलीकडच्या गल्लीत कोणी त्यांच्याबद्दल बोललं तरी त्यांना कळे. पण घराबद्दल काही सांगायला गेलं की ते आढ्याकडे बघत बसत आणि शेवटी म्हणत, "अर्ज द्या."

ते तहसील कचेरीतले अर्जनवीस होते. लोकांचे अर्ज लिहून देणं हा त्यांचा धंदा. सगळे त्यांना काकाजी म्हणत, म्हणून आम्हीही काकाजीच म्हणू लागलो. लग्न होऊन मी अंजनगाव सुर्जीहून आले त्या वर्षी आमच्या स्वयंपाकखोलीची दोन कवेलं फुटली आणि चुलीवर पाणी गळू लागलं. आमचे हे सांगायला गेले आणि तसेच परत आले. म्हणाले, म्हातारा अर्ज मागतो. ह्यांना कापसाच्या जिनात वजनकाट्यावर दिवसभर उभं राहावं लागे. घरी आल्यावर दौत-टाक हातात घ्यायचा त्यांना कंटाळा. मी चौथी शिकलेली. भाकरी झाल्यावर पाटावर कागद ठेवून चार ओळी लिहिल्या, खाली ह्यांचं नाव घातलं आणि कागद काकाजींच्या दाराच्या फटीतून आत सरकवला.

दुसऱ्या दिवशी काकाजी तो कागद घेऊन आमच्या दारात उभे. मी पदर ओढून दाराआड झाले. वाटलं, काहीतरी चुकलं.

"हे कोणी लिवलं?"

मी दाराआडूनच कागदाकडे पाहिलं.

"काट्यावरच्या माणसाचं हे अक्षर नाही. त्याचं अक्षर मी पाह्यलं आहे, कोंबडीनं उकिरडा उकरला वानी. सूनबाई, एवढं अक्षर असून तू निस्ती डाळीच्या डब्यायवर नावं लिहून राहिली काय?"

कवेलं त्याच दिवशी बसली. संध्याकाळी लेखी उत्तरही आलं, "अर्ज मंजूर. कवेलं बदलण्यात आली," आणि खाली सही, तारीख. हे पोट धरून हसले. मला मात्र हसू आलं नाही. माझ्या लिहिण्याला कोणी लिहून उत्तर दिल्याची ती पहिलीच वेळ होती.

काकाजींचा हात त्या वर्षांत थरथरू लागला होता. पहिली प्रत ते लिहीत, दुसरी लिहिताना अक्षर हलायचं. ती दुसरी प्रत माझ्याकडे येऊ लागली. ते संध्याकाळी कागद देत, मी दुपारी नक्कल करून ठेवी. घरातल्या घरात होतं म्हणून हे काही म्हणाले नाहीत. मी कुठे बाहेर जात नसे, बाजारातसुद्धा नाही, पण त्या कागदांमधून मला सगळा मुलूख दिसू लागला. कोणाच्या शेताचा धुरा कोणी फोडला, कोणाच्या विहिरीवर कोणी मोट लावू देत नाही, कोणाची सून माहेरी बसली आहे.

कचेरीत लिंबाखाली त्यांचं पोतं अंथरलेलं असे. एक पत्र्याची पेटी आणि एक मोठी काळी छत्री. ती छत्री त्यांनी स्वतःवर कधी धरली नाही. ऊन फिरलं की ती अर्जदाराच्या डोक्यावर उघडायची आणि स्वतः ओलं फडकं डोक्याला गुंडाळून उन्हात बसायचं. विचारलं तर म्हणत, त्याचं डोकं तापलं तर तो खोटं सांगते, मले तर फक्त लिहायचं आहे. कोणी रडत आलं तर टाक बाजूला ठेवत. "आधी रडून घे बाप्पा. अर्जात रडणं बसत नाही." "मायबाप सरकार" हे शब्द त्यांनी कधी लिहिले नाहीत. सरकार माय नाही अन् बापही नाही, माय-बाप घरी आहेत, त्यायले जाऊन भेट, असं म्हणून पुढची ओळ सुरू करत. अर्ज झाला की तो मोठ्यानं वाचत. इतक्या मोठ्यानं की आवारातला शिपाईसुद्धा थांबून ऐके. पुष्कळ माणसं तेव्हाच म्हणत, काकाजी, ती तिसरी ओळ काढून टाका.

आणखी एक खोड होती, तिच्यामुळे त्यांना शिव्या बसत. ते दोन्ही बाजूंचे अर्ज लिहीत. एकदा दोन भावांचा विहिरीवरून तंटा लागला. धाकट्यानं सकाळी त्यांच्याकडून अर्ज लिहून नेला, थोरल्यानं दुपारी. दोन्ही नकला मीच केल्या, आणि वाचताना मला दोन्ही खरे वाटले. मी तसं बोलले तर ते म्हणाले, दोन्ही खरेच आहेत, म्हणून तर कचेरी लागते.

आता ईश्वरीबाईचं सांगते.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना गावाबाहेरच्या जुन्या बराकींत खोल्या दिल्या होत्या. ईश्वरीबाई तिथे राही. नवरा वाटेतच गेलेला, एक मुलगी, लाजो. ती मिऱ्यांचे पापड करी. सकाळी टोपली घेऊन दारोदार आणि दुपारी बाजारातल्या टपरीवर. पहिल्यांदा आमच्या दारात आली तेव्हा तिची भाषा मला कळेना आणि माझी तिला. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. मग तिनं एक पापड माझ्या हातावर ठेवला आणि निघून गेली. पुढे ती मला अदी म्हणू लागली. अदी म्हणजे त्यांच्यात बहीण. लाजो नगरपालिकेच्या मराठी शाळेत जाई आणि संध्याकाळी माझ्याजवळ बसून अक्षर गिरवी.

एका उन्हाळ्यात ईश्वरीबाईची आई कल्याणच्या छावणीत आजारी पडली. ईश्वरीबाई गेली ती आईचं सगळं उरकून पाच महिन्यांनी परत आली. एवढे दिवस लाजो माझ्या घरी होती. तिकडच्या छावणीत मतदारांची नावं लिहून घ्यायला कोणी आलं, तेव्हा ईश्वरीबाईचंही नाव त्यांनी लिहून घेतलं. तेव्हा हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आमच्या भागातले खासदार वारले आणि मध्येच पोटनिवडणूक लागली. दोन उमेदवार मुख्य होते. एक कापसाच्या भावाबद्दल आणि रस्त्यांबद्दल बोले. दुसऱ्याला एकच विषय सापडला होता, बाहेरून आलेले लोक. त्याचा टांगा भोंगा लावून गल्लीगल्लीतून फिरे. "जागा आपली, दुकान त्यांचं, किती दिवस?" मुलं तेच ओरडत खेळू लागली. माझा धाकटा लाजोसमोर ओरडला तेव्हा मी त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि लाजोच म्हणाली, मावशी, आम्ही पण शाळेत तेच ओरडतो.

मतदारांची यादी नवी व्हायची होती, आणि तिच्यातल्या कोणत्याही नावावर कोणत्याही मतदाराला हरकत घेता येत होती. त्या उमेदवाराच्या माणसांनी ठरवलं की बराकींतली होतील तेवढी नावं कापायची. ज्याचं नाव कापलं जाईल त्याची खोलीही जाईल आणि त्याला दुसऱ्या छावणीत पाठवतील, अशी तेव्हा बोलवा होती. खरी होती की नाही कोण जाणे. पण बराकींत सगळ्यांना ती खरीच वाटली. ईश्वरीबाई पापड मोजताना आकडे विसरू लागली. लाजोची शाळा, टपरी, खोली, सगळं त्या एका नावाला बांधलेलं आहे असं तिला वाटे.

आमच्या वॉर्डात त्या उमेदवाराचं काम गुलाबराव पाहत. त्यांचं बाजारात किराण्याचं दुकान. एका संध्याकाळी ते नावांचा गठ्ठा घेऊन काकाजींच्या ओट्यावर आले. मी आत तांदूळ निवडत होते, सगळं ऐकू येत होतं.

"काकाजी, एवढ्या हरकती लिहून द्या. मजकूर एकच, नुसतं नाव बदला."

"लिहितो. पहिलं नाव वाच."

गुलाबरावांनी वाचलं.

"कोणत्या खोलीत राहते हा माणूस?"

"राहत असन तिकडेच कुठंतरी."

"कवा आला?"

"मले काय मालूम?"

"बायको, लेकरं?"

"तुमी लिहा ना काकाजी. बाहेरचा आहे, एवढं बस आहे."

"लेका, तुले माणूस मालूम नाही अन् त्याचं नाव कापायले निघाला. मी एका मजकुरावर शंभर नावं घालत नाही. एक माणूस, एक अर्ज. खोली कोणती, कवा आला, अन् तुले कसं मालूम, एवढं विचारून ये. मंग टाक उचलतो."

मला वाटलं, काकाजींनी युक्तीनं टाळलं. मी तसं विचारलंही. ते रागावले. म्हणाले, मी कोणाले टाळत नाही, माझी लिहायची रीतच ही आहे.

गुलाबरावांनी चार तरुण कार्यकर्ते वह्या देऊन बराकींत पाठवले. चैत्राचं ऊन. पोरं खोल्यांचे नंबर आणि नावं विचारत फिरू लागली. तिथल्या बायकांना वाटलं, नळाची तक्रार केली होती, अखेर सरकारची माणसं आली. त्यांनी बसायला बाजा टाकल्या. सिंध्यांच्या घरी आलेल्याला नुसतं पाणी देत नाहीत, पाण्याबरोबर भाजलेला पापड देतात. पोरांनी पाणी प्यायलं, पापड खाल्ला, आणि बायका सांगतील ते वहीत उतरवून घेतलं. कोणाचं घर कुठे राहिलं, कोण वाटेत हरवलं, नळाला दिवसाआड पाणी येतं.

दुसऱ्या दिवसापासून पोरं एकेक करून काकाजींकडे येऊ लागली. वह्या भरलेल्या. काकाजी टाक घेऊन तयार. एक जण वहीवर बोट ठेवून म्हणाला, हिचं नका लिहू. काकाजींनी विचारलं, काहून?

"पाणी पेलो ना काकाजी तिच्या घरचं. आता सही कशी करू?"

"पाणी पेल्यानं हक्क जात नाही. लिहायचं असन तं सांग, मी लिहितो."

"नाही. राहू द्या."

आमच्याकडे हे असंच आहे. वैरी असला तरी ज्याच्या घरचं पाणी प्यायलं त्याच्याविरुद्ध सही करताना हात मागे येतो. शहाणी माणसं म्हणूनच वैऱ्याच्या घरी पाणी पीत नाहीत. पण उन्हात तापलेल्या पोरांना हे आधी सुचलं नाही. एक जण तर आपल्या वहीतून नळाचा अर्ज लिहून घेऊन गेला, आणि काकाजींनी त्याच्यावर छत्री धरली.

उरलेली नावं गुलाबरावांनी कचेरीतल्या दुसऱ्या अर्जनविसाकडून लिहून घेतली. एकच मजकूर, नाव तेवढं वेगळं. यादीचं काम पाहणाऱ्या साहेबांनी ते अर्ज बहुतेक काढून टाकले, कारण नावापलीकडे त्या माणसाबद्दल त्यांत काहीच नव्हतं. काही हरकती मान्यही झाल्या. एक म्हातारं जोडपं मुलाकडे नागपूरला कायमचं गेलं होतं, त्यांची नावं निघाली. काकाजी म्हणाले, ते बरोबर झालं.

पण गुलाबरावांनी एक नाव हातचं ठेवलं होतं, ईश्वरीबाईचं. तिच्याबद्दल त्यांना सगळं माहीत होतं. खोली, टपरी, कल्याणला गेल्याचा महिना, तिकडे नाव लिहिल्याचंसुद्धा. काकाजींच्या एकाही प्रश्नावर ते अडले नाहीत. शेवटी काकाजींनी विचारलं की हिच्यावरच एवढा दात काहून. तेव्हा गुलाबरावांनी मनातलं सांगितलं. नगरपालिकेनं त्या टपऱ्या त्यांच्या दुकानाच्या बरोबर तोंडाशी बसवल्या होत्या, आणि ईश्वरीबाईची पायरीला लागून. रस्त्यावरून दुकान दिसतच नव्हतं.

"बापाचं दुकान आहे काकाजी. दिवसा दिवा लावून बसतो मी. गिऱ्हाईक पापड घेते अन् जाते, मागं दुकान आहे हेच त्याले मालूम नाही."

काकाजींनी कोरा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "हे लिही ना मंग. तुले वाट पायजे. बाई जाऊन वाट भेटत नाही, तिच्या जागी दुसरा बसन. तुही नड काय आहे ते लिही, माणूस काहून लिहितो?"

त्यांनी नगरपालिकेला अर्ज लिहिला. टपऱ्या चार हात सरकवून दुकानासमोर वाट मोकळी करावी. फार चांगला अर्ज होता तो. गुलाबरावांनी सही केली, डोळे पुसले, आणि म्हणाले, दुसराही लिहा. उमेदवाराला त्यांनी शब्द दिला होता. काकाजींनी दुसराही लिहिला. रात्रीच्या आत दोन्ही कागद नकलेसाठी माझ्या पुढ्यात.

मी ईश्वरीबाईवरची हरकत वाचली, की ती पाच महिने कल्याणला होती आणि तिचं नाव तिकडच्या यादीत आहे, आणि कागद घेऊन काकाजींकडे गेले. त्यांच्याशी उलट बोलण्याची माझी ती पहिली वेळ. म्हटलं, काकाजी, हे मी लिहीत नाही.

"काहून? खोटं आहे?"

"नाही."

"गेली होती ना ती?"

"होती."

"मंग तो त्याचं खरं सांगून राहिला. तिचं खरं सांगणारा कोणी निघाला तं तेही लिहू. आज याचा अर्ज मी दाबला, तं उद्या तिचा दाबणाराही भेटन. मंग ती कोणाकडे जाईन?"

मी परत आले आणि नक्कल केली. अक्षर मुद्दाम बिघडवायचा विचार मनात आला, पण हाताला ते जमलं नाही.

आठवड्यानं कचेरीची नोटीस बराकीत गेली. तिच्याबरोबर हरकतीची नक्कलही गेली. ईश्वरीबाईला मराठी वाचता येत नव्हतं. लाजोनं वाचून दाखवलं, आणि वाचता वाचता म्हणाली, हे तर मावशीचं अक्षर.

ईश्वरीबाई आमच्या दारात आली. नेहमी ती सरळ आत येऊन चुलीजवळ बसे. त्या दिवशी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. कागद पुढे धरून तिनं विचारलं, "अदी, ये तेरे हाथ का है?"

नक्कल म्हणजे काय, दोन्ही बाजू म्हणजे काय, हे सगळं माझ्या मनात आलं. मी नुसती मान हलवली. तिनं कागदाची घडी घातली आणि गेली. त्यानंतर रोज सकाळी तिची हाक गल्लीत येई, आणि आमच्या अलीकडे दोन घरं थांबून परत फिरे. लाजोचं येणंही बंद झालं.

बराकींतल्या लोकांनी ईश्वरीबाईला सांगितलं की अर्ज त्याच म्हाताऱ्यानं लिहिला आहे. ती कचेरीत गेली ती काकाजींना बोलायलाच. लिंबाखाली उभं राहून तिनं सिंधीतून त्यांना खूप सुनावलं. काकाजींनी छत्री उघडून तिच्यावर धरली आणि ऐकत बसले. ती दमली तेव्हा नवा कागद काढून म्हणाले, "झालं? आता सांग." आणि आपण लिहिलेल्या हरकतीला आपणच उत्तर लिहिलं. खाली साक्षीदाराची जागा होती. ती म्हणाली, माझं इथे कोणी नाही. काकाजी म्हणाले, एक आहे, पण ती बोलत नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "हा तुह्या नावानं."

मी विचारलं, काय लिहू?

"मले काय विचारते? मी होतो काय तिथं?"

तोपर्यंत मी दुसऱ्यांचंच लिहीत आले होते. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर लिहिलं ते असं. "ईश्वरीबाई कल्याणला गेली तेव्हा तिची मुलगी लाजो माझ्या घरी ठेवून गेली. मुलीची शाळा बुडू नये म्हणून ठेवली. पाच महिने ती माझ्या मुलांबरोबर जेवली आणि झोपली. ज्या गावी परत यायचं नाही त्या गावात आई मुलगी ठेवून जात नाही. हे मला माहीत आहे, कारण निरोप द्यायला मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले होते आणि ती सारखी मागे वळून बघत होती."

काकाजींनी टाक हातात घेऊन वाचलं. दुरुस्ती करायला घेतला होता तो तसाच खाली ठेवला. म्हणाले, याले मी हात लावत नाही.

जिनाचे मालक त्या उमेदवाराच्या बाजूचे होते. मी कचेरीत साक्ष देणार हे ऐकून आमचे हे रात्रभर कुशी बदलत राहिले. सकाळी डबा घेऊन निघताना दारात थांबले आणि म्हणाले, ते विटलेलं लुगडं नेसून जाऊ नको, चांगलं नेस.

यादीचे साहेब तरुण होते, नागपूरकडचे. खोलीत सगळे पुरुष. ईश्वरीबाई एका कोपऱ्यात, लाजो तिची ओढणी धरून. साहेबांनी माझा कागद दोनदा वाचला आणि विचारलं, हे तुमचंच म्हणणं आहे का? मी मान हलवली. ते म्हणाले, बाई, तोंडानं सांगावं लागेल. काकाजी माझ्याकडे बघतही नव्हते, खिडकीबाहेर बघत होते.

"माझं आहे," मी म्हणाले. एवढंच, आणि तेही साहेबांना पुन्हा विचारावं लागलं.

मग साहेबांनी गुलाबरावांना विचारलं, मुलगी इथे होती हे खरं का? गुलाबरावांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांनी नाही म्हटलं असतं तर माझा एकटीचाच शब्द होता. त्यांनी लाजोकडे पाहिलं.

"होती साहेब. माझ्या दुकानात गूळ घ्यायले येत होती. मागच्या बाजूनं यावं लागे, पुढून वाट नाही."

"मग तुमची हरकत?"

"काय हरकत साहेब. पोर इथं, तं माय येणारच."

साहेबांनी हरकत काढून टाकली. बाहेर आल्यावर ईश्वरीबाई माझ्याजवळ आली. तिनं माझा हात धरला आणि बाजारातून, सगळ्यांच्या देखत, घरापर्यंत सोडला नाही. इतक्या लोकांमधून मी कधी चालले नव्हते. मागून काकाजी गुलाबरावांवर ओरडत येत होते की नगरपालिकेचा अर्ज देऊन पंधरा दिवस झाले, तू एकदा तरी जाऊन विचारलं काय? पुढे पावसाळ्याच्या आत टपऱ्या सरकल्या. गुलाबरावांच्या दुकानात उजेड आला, आणि ईश्वरीबाईची टपरी त्यांच्या पायरीच्या बाजूला गेली. उमेदवाराच्या माणसांनी गुलाबरावांशी बोलणं टाकलं होतं. ते म्हणत, बोलत नाहीत तं उधारीही मागत नाहीत, बरंच आहे.

मतदानाच्या दिवशी ईश्वरीबाई नवी ओढणी घेऊन मला बोलवायला आली. रांगेत आम्ही मागेपुढे उभ्या होतो. तिनं मत कोणाला दिलं ते मी विचारलं नाही. तो भोंगेवाला पडला. थोडक्यात पडला. तेवढ्यानं लोकांचं बोलणं थांबलं असं नाही, पण पोरांचं ते ओरडणं हळूहळू विरून गेलं.

त्या दिवशी काकाजी मात्र सकाळपासून घरी नव्हते. संध्याकाळी सर्व्हिस मोटारीतून उतरून धुळीनं भरलेले आले. कुठे गेला होता म्हणून ईश्वरीबाईनं विचारलं, तर म्हणाले, मत द्यायले, हिवरखेडले. त्यांचं नाव जन्मगावीच होतं. दर वेळी गावी राहणारा त्यांचा धाकटा भाऊ घरच्या नावांत त्यांचं नाव घाली, आणि अकोल्यात कोणी विचारायला आलं तर काकाजी ऐटीत सांगत, माझं नाव गावी आहे. अकोल्यात त्यांना चाळीस वर्षं झाली होती.

ईश्वरीबाईनं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं.

"मतलब परदेशी तो आप हो, काकाजी."

मी पदर तोंडात धरला. काकाजी धूळ झटकत आत गेले. दोन दिवस ते ओट्यावर नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी पोतं बगलेत घेऊन माझ्या दारात आले आणि म्हणाले, सूनबाई, एक अर्ज लिही. माझं नाव हिवरखेडच्या यादीतून काढून अकोल्याच्या यादीत घालावं. मी म्हटलं, तुम्हीच लिहा ना. म्हणाले, स्वतःचा अर्ज स्वतः लिहू नये, माणूस आपल्याबद्दल फार चांगलं लिहिते.

साक्षीदार यादीतला पाहिजे होता, आणि त्यांनी ईश्वरीबाईला नेलं. मीही गेले, आता मला कोणी न्यावं लागत नव्हतं. तेच साहेब, तीच खोली. साहेबांनी काकाजींना ओळखलं आणि ओठ दाबून हसू आवरलं. मग ईश्वरीबाईला रीतसर विचारलं, हे गृहस्थ अकोल्यातच राहतात हे तुम्हाला कशावरून माहीत?

"साहेब," ती म्हणाली, "मैं आई, तब ये यहीं बैठा था."

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. तिनं तिच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे, हळूहळू सही केली. ती सही साहेबांना वाचता येईना, म्हणून त्यांनी मला तिच्याखाली मराठीत लिहायला सांगितलं. मी टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं. साक्षीदार, ईश्वरीबाई, राहणार अकोला.